तणतण्या, पुल्लिंगी

भिंडहून आलेली सून, नीतू भदौरिया,
आता पोतनीस, विचारत होती,
"आई, तनतन्या म्हणजे काय?"
तिच्या जिभेला ण वळत नव्हता.
मी मेथी निवडत होते. म्हटलं, तुझे सासरे.

पण हे काही उत्तर नव्हे.
म्हणून जुडी बाजूला ठेवली.

बघ, बडबड्या वेगळा.
त्याला ऐकायला माणूस लागतं.
भांडखोराला समोर शत्रू लागतो.
रागीट माणूस एकदा पेटतो, विझतो, जेवायला बसतो.
तणतण्याला भिंत पुरते,
नाहीतर पहाटे पावणेचारला येणारा
आणि सव्वाचारला जाणारा नगर निगमचा नळ.
हा जेवतानाही थांबत नाही,
घास आणि वाक्य, दोन्ही अर्धी चावून पुढचं घेतो.

वापरायचा कसा?
"काल गजकवाल्याकडे तणतणून आले."
"तणतणत छत्री शोधतायत, छत्री काखेत."
"सकाळपासून नुसती तणतण."
तोंडावर म्हणायचं नाही.
पाठीमागे म्हणायचं, पण ऐकू जाईल इतक्या आवाजात.
हे व्याकरणात सापडणार नाही.

"और औरत हो तो?"
बायकांसाठी निराळे शब्द आहेत.
पुष्कळ आहेत.
ते मी तुला शिकवणार नाही.

आणि मग माझाच हात थांबला.
एकेचाळीस वर्षं हा शब्द वापरला,
उघडून पाहिला नव्हता.
तण.
शेतात एकदा उगवतं, माणसात दोनदा.
उपटलं की दुप्पट येतं.
यांचं सगळ्यात जुनं तण
गल्लीच्या तोंडाशी, निळ्या पाटीवर:
"चिटनिस की गोठ".
सतरा अर्ज गेले निगमला. आमचा ण कुठे टाकलात?
आम्ही स्वतः पोतनीस.
आमच्या आडनावात ण नाहीच.
तरी.

माघात जयारोग्यमध्ये घशाचं ऑपरेशन झालं.
डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे एक अक्षर नाही.
मोघेवहिनी जिन्यात भेटल्या, म्हणाल्या,
चला, गल्लीला सुट्टी.
मी दौलतगंजातून दगडी पाटी आणली, खडूचा डबा आणला.
पहिल्या दिवशी पाटीवर: चहा.
दुसऱ्या दिवशी: याला चहा म्हणतात?
तिसऱ्या पहाटे नळ आला, करंगळीएवढा,
आणि हे पाय आपटत अंगणात.
बादली अशी आदळली की तिचा तळ बोलला.
खांदे कानापर्यंत चढलेले,
बोट हवेत, कुणा कमिशनरच्या नाकासमोर,
सुटलेला मफलर मागे मागे फरफटतोय,
तोही चिडलेला.
आवाज तेवढा नव्हता. बाकी सगळं होतं.

नीतू शाल गुंडाळून दारात उभी होती.
हळूच म्हणाली,
"आई, मी बरोबर बोलत होती ना?
तन. तन.
जुबान नाही चालत, तरी पूरा तन चालतो."

एकेचाळीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

यांनी ऐकलं. घसा बंद होता, कान नव्हेत.
खिडकीतली पाटी ओढली
आणि अख्ख्या पाटीभर एकच अक्षर काढलं,
ण,
खाली दोन रेघा.
दुसरीला खडू मोडला.

ती पाटीकडे बघत राहिली.
मग जीभ टाळूला नेली, जपून,
उंच फडताळावर बरणी ठेवावी तशी.
"तन... तड़... तंड़..."
यांनी मान हलवली. अजून एकदा.
"तण."
पुन्हा मान. अजून.

बादली केव्हाच भरली होती.
पाणी तुळशीकट्ट्याला वळसा घालून
मोरीकडे वाहत चाललं होतं,
आणि त्यावर कुणीही
काही म्हटलं नाही.